खेळातील जाहिरात आणि खेळाडूचा खासगीपणा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजे दुसरे ह्यांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, हा लेख दगडावर उतरविण्यात आला. राजघराण्याची कीर्ती येणाऱ्याजाणाऱ्यांस कळावी हा त्याचा एक हेतू असणार हे उघड आहे, आणि त्या अर्थाने ती एक प्रकारची जाहिरातच म्हणता येईल. दोनशे वर्षांहून अधिक काळ हा लेख लोकांसमोर आहे. परंतु तो कोणी वाचला, किती वेळ वाचला, वाचणारा कोणत्या गावाहून आला होता आणि वाचून झाल्यावर कोणत्या दुकानात शिरला, ह्यांपैकी कोणतीही गोष्ट त्या भिंतीस ठाऊक नाही. माणूस भिंतीकडे पाहतो. भिंत माणसाकडे पाहत नाही.

ह्याच तंजावरात आज एखादा मुलगा मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत असेल, तर त्या खेळातील रस्त्याच्या कडेलाही त्यास जाहिरातीचे फलक दिसतात. वरवर पाहता ते शहरातील खऱ्या फलकांसारखेच असतात. तथापि त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. खेळातील फलक त्या क्षणी त्या एकाच खेळाडूसाठी निवडून लावलेला असू शकतो, आणि तो लावण्यापूर्वी त्या खेळाडूविषयीची बरीच माहिती दूरदूरच्या संगणकांपर्यंत जाऊन पोहोचलेली असते. ही माहिती कोणती, ती कोण गोळा करतो, तिच्यापासून खेळाडूस काय उपद्रव संभवतो आणि तो टाळण्यासाठी कायद्याने कोणते उपाय योजले आहेत, ह्यांचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे.

जाहिरात खेळात कशी आली

संगणकावरील खेळ आणि जाहिरात ह्यांचा संबंध नवा नाही. १९७८ साली स्कॉट ॲडम्स ह्या अमेरिकन रचनाकाराने 'ॲडव्हेंचरलँड' नावाचा एक खेळ तयार केला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावरील शब्द वाचून आणि शब्दच टंकून तो खेळावयाचा असे. त्या खेळात ॲडम्सने आपल्याच पुढच्या खेळाची जाहिरात घातली होती. खेळातील जाहिरातीचे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून ह्याचा उल्लेख केला जातो. पुढे पडद्यावर चित्रे आली, तेव्हा फुटबॉलच्या मैदानाभोवती आणि शर्यतीच्या रस्त्यांवर खऱ्या कंपन्यांचे फलक दिसू लागले. हे फलक खेळ बनवितानाच त्यात रंगविलेले असत. खेळ एकदा विकला गेला की त्यांत बदल होत नसे, आणि ते सर्व खेळाडूंस सारखेच दिसत. अशा जाहिरातीस स्थिर जाहिरात म्हणता येईल. तिचा स्वभाव भिंतीवरील जाहिरातीसारखाच होता.

इंटरनेटमुळे हे चित्र पालटले. खेळ चालू असताना यंत्र दूरच्या संगणकाशी जोडलेले राहू लागले, त्यामुळे फलकाची जागा रिकामी ठेवून तेथे हवी ती जाहिरात हवी तेव्हा पाठविणे शक्य झाले. हीच चल जाहिरात होय. २००२ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'मॅसिव्ह' नावाच्या कंपनीने हा व्यवसाय वाढविला. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि २०१० साली बंद केली. कंपनी बंद पडली तरी कल्पना राहिली.

ह्या कल्पनेचे सामर्थ्य २००८ सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत दिसून आले. बराक ओबामा ह्यांच्या प्रचारयंत्रणेने 'बर्नआउट पॅरडाइझ' ह्या मोटारींच्या खेळात आणि आणखी काही खेळांत फलक लावले. हे फलक ओहायो, आयोवा, फ्लॉरिडा आदी निवडक १० राज्यांतील खेळाडूंनाच दिसत. अन्य राज्यातील खेळाडूने त्याच रस्त्यावरून त्याच वळणाने गाडी नेली, तरी त्यास तो फलक दिसत नसे. ह्याचा अर्थ असा, की फलक लावण्याआधी खेळाडू कोठे बसला आहे हे यंत्रणेस समजणे आवश्यक होते. जाहिरात माणसाकडे पाहू लागली, ती येथून.

विनामूल्य खेळाचा हिशेब

मोबाइलवरील बहुसंख्य खेळ आज विनामूल्य मिळतात. खेळ तयार करण्यास चित्रकार, संगीतकार आणि संगणकतज्ज्ञ लागतात. तो चालू ठेवण्यास संगणकांचे भाडे द्यावे लागते. हा खर्च दोन मार्गांनी भरून येतो. काही थोडे खेळाडू खेळातील वस्तू पैसे देऊन घेतात. उरलेल्यांना जाहिराती दाखविल्या जातात.

ह्या जाहिरातींचे चार प्रकार खेळाडूंच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पडद्याच्या कडेला पट्टीसारखी राहणारी, हा पहिला. एक डाव संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी सबंध पडदा व्यापणारी, हा दुसरा. खेळातील देखाव्यातच, म्हणजे फलकावर अथवा खेळाडूंच्या पोशाखावर झळकणारी, हा तिसरा. चौथा प्रकार बक्षिसाचा. डाव हरला की पडद्यावर सूचना येते: तीस सेकंदांची जाहिरात पाहा आणि आणखी एक जीव मिळवा. खेळाडू येथे जाहिरात आपखुशीने पाहतो, म्हणून जाहिरातदारास हा प्रकार विशेष प्रिय आहे.

जाहिरातदार केवळ दाखविण्याचे पैसे देऊन थांबत नाही. जाहिरात पाहून कोणी ते दुसरे ॲप घेतले काय, ती वस्तू विकत आणली काय, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. आता, जाहिरात पाहणारा आणि वस्तू घेणारा हे एकच, असे ठरवावयाचे तर त्या माणसास दोन्ही ठिकाणी ओळखता आले पाहिजे. खेळाडूचा माग काढण्याची प्रथा वाढण्याचे एक मोठे कारण ह्या साध्या हिशेबात आहे.

दशांश सेकंदाचा लिलाव

हा माग कसा काढला जातो ते आता पाहू. खेळ बनविणारा सहसा जाहिरातींची व्यवस्था स्वतः करीत नाही. जाहिरात कंपन्यांनी आयता तयार केलेला सॉफ्टवेअरचा संच तो आपल्या खेळात बसवितो. अशा रीतीने एका खेळाच्या पोटात अनेक कंपन्यांचे संच असू शकतात. खेळाडूस खेळाचे नाव ठाऊक असते. ह्या कंपन्यांची नावेही त्याच्या कानांवरून गेलेली नसतात.

मोबाइलला जाहिरातीपुरता एक ओळखक्रमांक असतो. ॲपलने तो २०१२ साली आणि गूगलने २०१३ साली सुरू केला. त्यात माणसाचे नाव नसते. परंतु एकच क्रमांक अनेक ॲपना दिसत असल्यामुळे, सकाळी बातम्या वाचणारा, दुपारी औषधे मागविणारा आणि रात्री गोट्या फोडण्याचा खेळ खेळणारा माणूस एकच आहे, हे त्यावरून जुळविता येते.

समजा, तंजावरच्या मेल वीथीवरील एका मराठी घरात आठवीतील एक मुलगी वडिलांच्या मोबाइलवर खेळत आहे. डाव संपतो आणि जाहिरातीची जागा रिकामी होते. तत्क्षणी खेळातील संच एक विनंती पाठवितो. तीत खेळाचे नाव, मोबाइलचा प्रकार, त्यात निवडलेली भाषा, इंटरनेटचा पत्ता, त्यावरून अथवा उपग्रहांच्या साह्याने काढलेले ठिकाण आणि वरील ओळखक्रमांक अशा गोष्टी असू शकतात. ही विनंती एका बाजारात जाते. तेथे अनेक जाहिरातदारांचे संगणक, ही जागा आपणांस किती मोलाची आहे ते ठरवून बोली लावतात. सर्वांत मोठी बोली जिंकते व तिची जाहिरात पडद्यावर येते. हा सारा लिलाव सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात आटोपतो. डोळ्याची पापणी लवण्यास ह्याहून फारसा कमी वेळ लागत नाही.

ह्या लिलावातील एक बाब नीट लक्षात घेतली पाहिजे. भाजीबाजारातील लिलावात जो बोली हरतो तो रिकाम्या हाताने परत जातो. येथे तसे होत नाही. बोली लावता यावी म्हणून खेळाडूविषयीची माहिती सर्वच बोली लावणाऱ्यांस आधी दिलेली असते. जागा एकास मिळते, माहिती मात्र अनेकांकडे पोहोचते. ती ठेवू नये असे करार असतात. पण ते पाळले जातात किंवा नाही, हे त्या मुलीस वा तिच्या वडिलांस तपासता येत नाही.

ह्या उदाहरणात आणखी एक खोच आहे. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत ही मुलगी वाढते. मोबाइलवर तमिळ भाषा निवडलेली असल्यास यंत्रणा त्यावरून एक अनुमान काढील. मोबाइल वडिलांच्या नावावर असल्यामुळे वयाविषयी दुसरे काढील. दोन्ही अनुमाने चुकीची ठरतील. म्हणजे यंत्रणा माणसास ओळखते असे म्हणण्यापेक्षा, ती माणसाविषयी तर्क करते आणि त्या तर्कावर व्यवहार करते, असे म्हणणे अधिक योग्य होय. पहिला तर्क चुकल्याने मुलीचे फारसे बिघडत नाही. दुसरा चुकल्याने मात्र चाळीस वर्षांच्या गृहस्थास दाखवावयाच्या जाहिराती तेरा वर्षांच्या मुलीपुढे येतात.

खेळ खेळाडूविषयी काय सांगतो

दुकाने आणि वर्तमानपत्रे ह्यांनाही ग्राहकांविषयी कुतूहल असते. मग खेळाची स्वतंत्र चर्चा कशासाठी, असा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे. तमिळ घरांतून पल्लांगुळी हा खेळ पूर्वापार खेळला जातो. चौदा खळग्यांची लाकडी पाटी आणि मूठभर कवड्या वा चिंचोके एवढेच त्यास लागते. खेळताना माणूस उतावीळ आहे की सावध, हरल्यावर चिडतो की हसतो, हे समोरच्यास कळते. पण पाटीस त्याचे काही स्मरण राहत नाही, आणि समोर बसलेली बहुधा आजी असते.

मोबाइलवरील खेळात पाटीच सर्व काही टिपून ठेवते. खेळाडू कोणत्या वेळी खेळतो, किती वेळ खेळतो, कोणत्या पायरीवर अडतो, किती वेळा हरल्यावर खेळ सोडतो, बक्षिसाच्या आशेने जाहिरात पाहण्यास केव्हा तयार होतो, ह्यांची नोंद सहज होऊ शकते. ह्यांतील बहुतेक नोंदी खेळ सुधारण्यासाठी उपयोगी असतात. एखादी पायरी सर्वांनाच अवघड जात असेल तर ती सोपी करता येते. परंतु हीच नोंद, हा माणूस केव्हा थकलेला असतो आणि कोणत्या क्षणी त्याचा निग्रह सुटतो, हेही सांगू शकते. नेमक्या त्या क्षणी वस्तू पुढे करणे जाहिरातदाराच्या हिताचे असते. प्रौढ माणूस त्यास काही अंशी तोंड देऊ शकतो. जाहिरात कोठे संपते आणि खेळ कोठे सुरू होतो हे लहान मुलास उमगणे कठीण असते.

झालेली काही प्रकरणे

हे धोके काल्पनिक नाहीत. २०१४ च्या जानेवारीत, एडवर्ड स्नोडेन ह्यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे एक बातमी प्रसिद्ध झाली. 'अँग्री बर्ड्‌स' सारख्या लोकप्रिय ॲपमधून झिरपणारी माहिती मिळविण्याचा प्रयत्न अमेरिकन व ब्रिटिश हेरसंस्था करीत होत्या, असे तीत म्हटले होते. त्या खेळाच्या फिनलंडमधील निर्मात्यांनी आपण कोणत्याही सरकारास माहिती दिलेली नाही असे सांगितले आणि जाहिरात कंपन्यांच्या जाळ्याकडे बोट दाखविले. जाहिरातीसाठी उघडलेली वाट जाहिरातदारापुरतीच राहते असे नाही, हा त्यातील बोध होय.

२०१६ सालचे एक प्रकरण भारतात उदयास आलेल्या कंपनीचे आहे. बंगळूरची 'इनमोबी' ही मोबाइलवरील जाहिरातींची मोठी कंपनी. लोकांनी ठिकाण सांगण्यास परवानगी नाकारलेली असतानाही आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून तिने त्यांचे ठिकाण ताडले, आणि मुलांसाठीच्या ॲपमध्येही असे केले, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. प्रकरण मिटविताना कंपनीस ९ लाख ५० हजार डॉलर भरावे लागले.

त्याच वर्षी 'पोकेमॉन गो' ह्या खेळाने जाहिरातीचा आणखी एक प्रकार दाखविला. हा खेळ घरात बसून नव्हे तर रस्त्यावर चालत खेळावयाचा असतो. डिसेंबर २०१६ मध्ये तो रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा रिलायन्सची हजारो दुकाने खेळातील ठाणी बनविण्यात आली. येथे फलक खेळाडूकडे नेण्याऐवजी खेळाडूसच फलकाकडे, म्हणजे दुकानाकडे, चालत आणले गेले. असा खेळ खेळाडूच्या हालचालींची सतत दखल घेतल्यावाचून चालूच शकत नाही.

२ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने 'पबजी मोबाइल' ह्या अत्यंत लोकप्रिय खेळासह ११८ ॲपवर बंदी घातली. वापरणाऱ्यांची माहिती देशाबाहेरील संगणकांकडे चोरून पाठविली जात असल्याच्या तक्रारींचा त्या आदेशात उल्लेख होता. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' ह्या खेळाच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीने, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून, २७ कोटी ५० लाख डॉलर दंड देण्याचे मान्य केले. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयीचा तेथील कायदा १९९८ सालचा आहे. म्हणजे कायदा होऊन चोवीस वर्षे लोटल्यावरही त्याच्या अंमलबजावणीची गरज संपलेली नव्हती.

तंजावरास लागू असलेले कायदे

भारतात ह्या विषयाचा पाया २४ ऑगस्ट २०१७ रोजी घातला गेला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे मूळ अर्जदार असल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तमिळनाडूत ह्या प्रश्नाची चर्चा प्रथम जुगाराच्या अंगाने झाली. तंजावर जिल्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या कक्षेत येतो. ह्याच खंडपीठाने जुलै २०२० मध्ये, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर नियंत्रण हवे, असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा खेळांच्या जाहिरातींत झळकणाऱ्या नामवंत क्रिकेटपटूंस व अभिनेत्यांस त्याने नोटिसा काढल्या. राज्याने २०२१ साली केलेला पहिला कायदा उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्दबातल ठरविला. नंतरचा कायदा एप्रिल २०२३ मध्ये अस्तित्वात आला, आणि त्याखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध केले. पैशांच्या खेळांत १८ वर्षांखालील कोणी भाग घेऊ नये, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत खेळ बंद असावा, आणि खेळाडूची ओळख आधारद्वारे पटवून घ्यावी, असे त्यांत म्हटले होते. आधारची सक्ती खासगीपणाचा भंग करते, असा आक्षेप घेण्यात आला. ३ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. खासगीपणाचा हक्क अमर्याद नाही, लोकांच्या आरोग्यासाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात, अशी न्यायालयाची भूमिका होती.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळच निषिद्ध ठरविणारा कायदा संमत केला. त्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु मेल वीथीवरील ती मुलगी पैसे लावून खेळत नाही. तिचा खेळ निर्दोष, विनामूल्य आणि कायदेशीर आहे. तिच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा निराळाच आहे.

तो म्हणजे २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. ह्या कायद्याने १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बालक मानले आहे. बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेतली पाहिजे. बालकाचा माग काढणे, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यास उद्देशून नेमक्या जाहिराती दाखविणे, ह्या तिन्ही गोष्टींस त्यात मनाई आहे. बालकांविषयीची कर्तव्ये न पाळल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ह्या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात यावीत अशी तरतूद झाली. देशात ५० लाख अथवा त्याहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांनी, तीन वर्षे न फिरकलेल्या खेळाडूची माहिती पुसून टाकावी, असेही त्या नियमांत आहे. खेळ सोडल्यावर आपली नोंद कायमची कोठेतरी पडून राहू नये, हा त्यामागील हेतू होय.

राखणदाराचा पेच

कायदा असा भक्कम दिसत असला, तरी त्याच्या गाभ्यात एक पेच आहे. बालकास संरक्षण द्यावयाचे तर समोरचा खेळाडू बालक आहे हे प्रथम कळले पाहिजे. ते कळण्यासाठी वय विचारावे लागते. मुले खोटे वय सांगतात, म्हणून ते पडताळावे लागते. पडताळणीसाठी ओळखपत्र लागते, आणि संमती देणारा खरोखर पालकच आहे हे ठरविण्यासाठी पालकाचेही ओळखपत्र लागते. कंपनीने आपल्याविषयी फार काही जाणू नये म्हणून केलेल्या कायद्यामुळे, कंपनीपुढे पूर्वीपेक्षा अधिक कागद ठेवण्याची पाळी येऊ शकते. हा पेच तमिळनाडूच्या आधारविषयक खटल्यात दिसला होता. बालकांच्या बाबतीत तो अधिक बिकट आहे, कारण सर्व बालके ओळखण्यासाठी सर्व प्रौढांनाही आपण प्रौढ असल्याचे सिद्ध करावे लागते.

ह्यावर तज्ज्ञांनी एक मार्ग सुचविला आहे. पडताळणी करणारा आणि खेळ चालविणारा हे वेगळे असावेत. पहिल्याने कागद पाहून केवळ 'पालकाची संमती आहे' किंवा 'वय अठराच्या वर आहे' एवढेच चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि दुसऱ्यास त्या चिठ्ठीखेरीज काही मिळू नये. भारतीय नियमांत अशा आभासी चिठ्ठीस वाव ठेवलेला आहे. परंतु एकच मोबाइल घरातील पाच माणसे वापरतात तेथे ही चिठ्ठी मोबाइलच्या मालकाची साक्ष देईल. त्या वेळी तो कोणाच्या हातात आहे हे सांगू शकणार नाही.

म्हणून दुसरा मार्ग अधिक मूलगामी वाटतो. जाहिरात निवडताना खेळाडूकडे न पाहता खेळाकडे पाहावे. क्रिकेटच्या खेळात बॅटची आणि मोटारींच्या खेळात टायरची जाहिरात दाखविण्यासाठी खेळाडूचे वय, गाव वा ओळखक्रमांक लागत नाही. भिंतीवरच्या जाहिराती ह्याच तत्त्वाने चालत आल्या आहेत. शाळेजवळच्या भिंतीवर वह्यांची जाहिरात लिहिणाऱ्यास विद्यार्थ्यांची नावे विचारावी लागत नाहीत. अशा जाहिरातीस पैसे कमी मिळतात, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे असते. तो कमीपणा म्हणजे खेळाडूवर न घातलेल्या पाळतीची किंमत होय. बालकांच्या खेळांपुरती तरी ही किंमत समाजाने स्वीकारावी काय, हा खरा निर्णयाचा प्रश्न आहे. आणि तो तंत्रज्ञांवर सोडून देण्याजोगा नाही.

घर, शाळा आणि ग्रंथालय

कायद्याची वाट पाहत असतानाही काही गोष्टी करता येतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये जाहिरातीचा ओळखक्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे. ॲपलने एप्रिल २०२१ पासून, इतर ॲपमधून माग काढण्यापूर्वी प्रत्येक ॲपने परवानगी विचारावी असे बंधन घातले. तेथे नकार देता येतो. ठिकाण, ध्वनिग्राहक आणि संपर्कसूची ह्यांची परवानगी मागणाऱ्या खेळास, ती नाकारून खेळ चालतो काय ते आधी पाहावे. एकट्याने खेळावयाचे पुष्कळ खेळ इंटरनेट बंद ठेवूनही चालतात, आणि मग लिलावच होत नाही. मुलासाठी मोबाइलवर वेगळे खाते उघडल्यास वडिलांच्या वयाचा घोटाळा टळतो. एकदाच पैसे देऊन घ्यावयाचे, जाहिरात नसलेले खेळ पुष्कळदा अंती स्वस्त पडतात. ग्रंथालयातील संगणकावर वाचकाने खेळ खेळला असेल, तर त्याचे खाते बंद करून मागची नोंद पुसण्याची व्यवस्था ग्रंथपालाने ठेवावी. पुढच्या वाचकाविषयीचे तर्क मागच्या वाचकाच्या नोंदींवरून होऊ नयेत.

शाळेत ह्या विषयावर एका तासाचा पाठ सहज घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या एका खेळाने मागितलेल्या परवानग्यांची यादी करावी, आणि प्रत्येक परवानगीपुढे ती खेळास कशासाठी हवी हे लिहावे. नकाशावर चालत खेळावयाच्या खेळास ठिकाण लागते, हे मुले लगेच सांगतील. सोबत्यांशी बोलत खेळावयाच्या खेळास ध्वनिग्राहक लागतो, हेही सांगतील. गोट्या फोडण्याच्या खेळास आपले गाव कशासाठी हवे, ह्या प्रश्नापाशी लेखणी थांबेल. तेथून पुढची चर्चा शिक्षकाने विद्यार्थ्यांवरच सोपवावी.